अभनपूरच्या वाटेवरची चांदी आणि पॅरिसची काचपेटी

अभनपूर (छत्तीसगड) : रायपूरहून धमतरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३० सुमारे ३० किलोमीटरवर अभनपूरला पोहोचतो. येथे एक फाटा राजीम आणि गरियाबंदकडे वळतो. मुख्य रस्ता कांकेर, केशकाल घाट, कोंडागाव करीत जगदलपूरला जातो. एके काळी छोट्या रुळांच्या गाडीचे जंक्शन म्हणून हे गाव ओळखले जाई. ते रूळ उखडले गेले, मोठे रूळ आले आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर मेमू गाडी सुरू झाली. नकाशावर एवढीच ओळख असलेल्या या तालुक्याच्या गावाचे दागिन्यांच्या अभ्यासकाला मात्र वेगळे महत्त्व वाटावे. एका रस्त्याच्या पुढे कोंडागावचे ढोकरा ओतकाम आहे. दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला गरियाबंद जिल्ह्यातील बेहराडीह आणि पायलीखंड येथे हिऱ्यांचे किंबरलाइट खडक आहेत. पाठीमागे रायपूरचा सदर बाजार, सराफांची जुनी पेठ. लगतच्या उपरवारा गावात पुरखौती मुक्तांगण आहे. २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते.

दागिन्यांची रचना करणाऱ्या नव्या पिढीला सध्या एक सल्ला हमखास मिळतो : महागड्या दुकानांत जा, काही विकत घेतले नाही तरी चालेल, पण डोळे उघडे ठेवून पाहा. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड प्लाझा किंवा दिल्लीतील एम्पोरियो ही त्यासाठीची ठरलेली ठिकाणे. तेथे कार्टिए, बुल्गारी, टिफनी यांसारख्या पेढ्यांच्या काचपेट्यांत ‘स्टेटमेंट ज्वेलरी’ मांडलेली असते. अंगावर एकच घालायचा, पण घातला की बाकी सर्व पोशाख त्याच्यामागे उभा राहावा, असा हा ठसठशीत दागिना. सल्ला वाईट नाही. मात्र तेथे नेमके काय पाहायचे, हे सांगितले जात नाही. आणि काचपेटीत जे दिसते त्यातील बरेचसे छत्तीसगडच्या आठवडी हाटात, वयस्कर बायांच्या गळ्यात व दंडावर, कित्येक पिढ्या वावरत आले आहे, हे तर क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

प्रथम हाटातील दागिना पाहू. छत्तीसगडी स्त्रीच्या गळ्यातील ‘सुता’ ही चांदीची भरीव, कडक, गोल सळई. तिला साखळी नाही, लोलक नाही, खडा नाही. मानेच्या तळाशी ती टेकते आणि खांद्याच्या रेषेवर एक स्वच्छ वर्तुळ उमटते. दंडावरची ‘नागमोरी’ सापाप्रमाणे वळत जाते. मनगटावरच्या ‘ऐंठी’चे नावच तिची कृती सांगते. ऐंठणे म्हणजे पीळ घालणे, आणि पिळलेल्या चांदीचे हे कडे आहे. कमरेला ‘करधन’, पायात ‘तोडा’, ‘लच्छा’ आणि ‘पैरी’. (राजीमला महानदीत मिळणाऱ्या एका नदीचे नावही पैरीच आहे.) कानांत ‘खिनवा’ आणि ‘ढार’, नाकात ‘फुल्ली’, गळ्यात सुत्याच्या खाली ‘रुपिया’ म्हणजे चांदीच्या नाण्यांची माळ आणि सोन्याची ‘पुतरी’.

पुतरी हा शब्द ऐकताच मराठी कानाला पुतळीहार आठवतो, आणि ते योग्यच आहे. अठराव्या शतकात, १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशात आला. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून रतनपुरास राहून कारभार केला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि भोसल्यांचे जवाहीर कलकत्त्यास लिलावात निघाले. या शतकभराच्या सहवासात दागिने आणि त्यांची नावे कोणत्या दिशेने गेली हे ठरवणे कठीण आहे. मात्र पुतळीचा मूळ पत्ता बराच दूरचा आहे. पश्चिम भारतात ‘पुतळी’ म्हणत ते व्हेनिसच्या डुकाट नावाच्या सोन्याच्या नाण्याला. त्या नाण्यावर व्हेनिसचा राज्यप्रमुख आणि संत मार्क यांच्या आकृती असत. आपल्याकडच्या माणसांना त्या पुतळ्यांसारख्या दिसल्या आणि नाण्याचे नाव पडले पुतळी. पुढे सोनारांनी तशाच चकत्या घडवल्या, आकृतींच्या जागी कोठे लक्ष्मी आली, कोठे नुसती नक्षी उरली. परदेशी चलन पाहून आपल्या मातीतला दागिना घडवणे, ही रचनाकाराची रीत म्हणूनच आजच्या काचपेट्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

आता त्याच नजरेने काचपेटीकडे पाहावे. रोमच्या बुल्गारी पेढीचा सर्वांत प्रसिद्ध दागिना म्हणजे ‘सर्पेंटी’. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलेला हा मनगटाला वेढे घालणारा सोन्याचा साप आहे. नागमोरीशी त्याचा वंशसंबंध जोडण्याची गरज नाही. साप आणि वळसा यांचे नाते जगभरच्या सोनारांना स्वतंत्रपणे सुचलेले आहे. याच पेढीने १९६० च्या दशकात जुनी ग्रीक व रोमन नाणी सोन्याच्या कोंदणात बसवून ‘मोनेते’ ही मालिका आणली. रुपियामाळ घालणाऱ्या बाईला त्यात नवल वाटले नसते. न्यूयॉर्कच्या टिफनीमध्ये १९७० च्या दशकात एल्सा पेरेत्ती यांनी मनगटाच्या हाडाचा उंचवटा सामावून घेणारे रुंद कडे आणले आणि चांदीला त्या दुकानात पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. सोन्याहिऱ्यांच्या दुकानात चांदीने मान कसा मिळवावा, याचे उत्तर तेथे एका शब्दात होते : आकार. सुत्याचेही तेच आहे. खडे नाहीत, म्हणून झाकायला काही नाही. रेषा चुकली तर सगळेच चुकले.

बुल्गारीने २०२१ मध्ये भारतासाठी मंगळसूत्र आणले, त्याची किंमत होती ३ लाख ४९ हजार रुपये. काळे मणी त्यात मोजकेच, आणि मध्यभागी कंपनीची ओळख सांगणाऱ्या गोल चकत्या. त्यावर बरीच टीका झाली, तशी खरेदीही झाली. रचनेच्या दृष्टीने त्यातील शिकण्याजोगी गोष्ट अशी, की काळा मणी हे एकच चिन्ह ठेवून बाकी सर्व वगळले तरी भारतीय डोळा त्याला मंगळसूत्र म्हणूनच ओळखतो. एखाद्या परंपरागत दागिन्याचा प्राण नेमका कोणत्या अवयवात आहे, हे शोधून काढणे म्हणजेच रचना. कोल्हापुरी साजात तो प्राण कोणता, ठुशीत कोणता, सुत्यात कोणता, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर सोडवावा असा आहे.

उलट्या दिशेचा प्रवास मराठी संस्थानिकांनी केला होता. इंदूरच्या तुकोजीराव होळकर तिसरे यांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या पेढीकडून प्रत्येकी सुमारे ४७ कॅरेटचे, लोलकाच्या आकाराचे दोन हिरे घेतले. पुढे ‘इंदूर पेअर्स’ या नावाने ते जगप्रसिद्ध झाले. त्यांचे पुत्र यशवंतराव यांचे चित्र फ्रेंच चित्रकार बर्नार्द बुते द मोंव्हेल यांनी काढले. पांढरा मराठी पोशाख, मराठी पगडी आणि गळ्यात ते दोन हिरे, एवढाच ऐवज. चित्रात दुसरा दागिना जवळपास नाही, आणि म्हणूनच ते दोन हिरे विसरता येत नाहीत. खरेदी पॅरिसची असली तरी घालण्याची रीत मराठी दरबाराची होती. अखेर १९४६ मध्ये ते हिरे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेले.

बडोद्याच्या सीतादेवींची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यांचे पाचू-हिऱ्यांचे पैंजण १९५० च्या दशकात हॅरी विन्स्टन यांनी विकत घेतले आणि तेच रत्न वापरून गळ्यातला हार घडवला. तो हार विंडसरच्या डचेसने घेतला. न्यूयॉर्कमधील एका मेजवानीत तो तिच्या गळ्यात पाहून सीतादेवींनी, हे खडे माझ्या पायांतही इतकेच शोभत होते, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि डचेसने हार परत केला, असे सांगितले जाते. किस्सा चविष्ट आहे, पण रचनाकाराने त्यातून घ्यावयाचा मुद्दा निराळा : पायातला दागिना गळ्यात गेला आणि कोणालाही तो उपरा वाटला नाही. आज मोठ्या शहरांतील तरुणी जुने तोडे मनगटात घालतात, करधनीचा तुकडा गळ्यात मिरवतात. जागा बदलली की तोच दागिना ‘स्टेटमेंट’ होतो.

याच काळाच्या आधी ज्याक कार्टिए १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भारतात आले होते. येथील कोरीव माणिक, पाचू आणि नीलम पाहून पॅरिसच्या त्या पेढीने पाने-फुले-फळांची रंगीत शैली घडवली. तिलाच पुढे ‘तुती फ्रुती’ म्हटले गेले. म्हणजे ज्या काचपेटीसमोर उभे राहून आज भारतीय विद्यार्थी प्रेरणा घेतो, तीत त्याच्याच आजोळचा ऐवज असू शकतो.

मग अशा दुकानात जाऊन पाहायचे काय? दागिन्याचे तोंड सर्वच जण पाहतात. तो उलटा करून पाहण्याची विनंती करावी. चांगल्या पेढीच्या दागिन्याची पाठ तोंडाइतकीच निगुतीने पूर्ण केलेली असते, आणि अंगाला ती पाठच लागते. कडी, फासा, फिरकी, मळसूत्र यांकडे पाहावे. कार्टिएने १९६९ मध्ये आणलेल्या ‘लव्ह’ कड्याचा सारा थाट त्याच्या स्क्रूमध्ये आहे. जे एरवी लपवायचे, तेच अल्दो चिपुल्लो या रचनाकाराने दर्शनी ठेवले. छत्तीसगडच्या अनेक कड्यांतही जोड लपवलेला नसतो. दोन टोकांच्या गाठीच नक्षी होऊन बसतात. तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. महागड्या दुकानात एका पेटीत एकच दागिना ठेवलेला असतो, तर सदर बाजारात एका मखमली फळीवर चाळीस. दोन्हींची कारणे व्यापाराची आहेत. एकाला दुर्मीळता विकायची असते, दुसऱ्याला निवड. पण रचनाकाराने स्वतःचा नमुना दोन्ही ठिकाणी ठेवून पाहावा. चाळिसांच्या गर्दीत जो उठून दिसतो आणि एकट्याने ठेवला तरी पोकळ वाटत नाही, तो नमुना टिकतो.

चौथी गोष्ट, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची, वजनाची. येथे महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांनी दोन भिन्न उत्तरे दिली आहेत. कोल्हापुरी दागिना पातळ पत्र्याचा, आत लाख भरलेला. बोरमाळेचा मणी हातात हलका, नजरेला भरदार. थोड्या सोन्यात मोठे रूप उभे करण्याची ही विद्या. कोल्हापुरी साजाच्या २१ पदकांत विष्णूचे दहा अवतार, अष्टमंगल, माणिक, पाचू आणि डोरले असते असे सांगितले जाते. एवढा संसार थोडक्या सोन्यात बसवण्यासाठी पत्राच पातळ हवा. छत्तीसगडचा सुता किंवा तोडा याउलट भरीव. कारण तो दागिनाही आहे आणि बचतही. शेतकरी कुटुंबाने धान विकून आलेला पैसा चांदीत घातला आणि अंगावर ठेवला; पेरणी, लग्न वा आजारपण आले की गहाण टाकला. वजन दिसणे ही त्याची शोभा आणि त्याची पतही. आधुनिक ग्राहकाला भरदार रूप हवे असते, भार नको असतो. त्यामुळे सुत्याचा घाट आणि कोल्हापूरचे पोकळ घडणीचे कसब एकत्र आणणे, हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. रायपूरपासून कोल्हापूरपर्यंत कोणत्याही कुशल कारागिराला तो अवघड जाऊ नये.

कोंडागावचे ढोकरा काम हा या वाटेवरचा दुसरा धडा. घढवा समाजाचे कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळतात, त्यावर पुन्हा माती चढवतात. भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळेसारखा मिश्रधातू ओततात. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर निघत नाही, म्हणून एकासारखी दुसरी होत नाही. मोहेंजोदडोची नर्तिका याच तत्त्वाने घडलेली आहे. गंमत अशी, की पॅरिस किंवा मुंबईच्या कारखान्यातही सोन्याचे ओतकाम मेण वितळवूनच होते. तेथे मूळ नमुना संगणकावर काढतात आणि रबरी साच्यातून मेणाच्या शेकडो एकसारख्या प्रती पाडतात, एवढाच फरक. एकाच विद्येतून एकीकडे प्रत आणि दुसरीकडे अस्सल निघते. ढोकऱ्याच्या ओबडधोबड तारेच्या पोताला सध्या शहरांत जी मागणी आहे तिचे कारण यात आहे. त्यावर यंत्राची जिलई चढवली, की विकण्यासारखे काही उरत नाही.

प्रेरणा कोठे संपते आणि नक्कल कोठे सुरू होते, हा प्रश्न २०२५ मध्ये कोल्हापूरने जगासमोर आणला. जूनमध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडाने दाखवलेल्या चपला कोल्हापुरी चपलेशी इतक्या मिळत्याजुळत्या होत्या, की ओळखायला चर्मकार असण्याची गरज नव्हती. पण कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात आले आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यानुसार भारतात घडवलेले २ हजार जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकायचे ठरले. हे घडू शकले त्यामागे कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे बळ होते. दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांचा त्या नावावर कायदेशीर हक्क होता.

दागिन्यांच्या बाबतीत कायदा समजून घेणे आवश्यक आहे, आणि तो पुष्कळांना उलटा समजलेला असतो. डिझाइन्स कायदा, २००० नुसार केवळ नव्या रचनेची नोंद होते. ती दहा वर्षे टिकते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. सुता किंवा नागमोरी पूर्वापार प्रचलित असल्याने ती कोणालाच स्वतःच्या नावे नोंदवता येणार नाही. हे चांगलेच आहे. पण याच कारणाने ती घडवणाऱ्या सोनारालाही त्या कायद्याचे कवच नाही. त्याने त्यावरून नवा नमुना केला, नोंदवला नाही आणि त्याच्या ५० हून अधिक प्रती यांत्रिक पद्धतीने काढल्या, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार त्यावरील कॉपीराइटही संपतो. उरते भौगोलिक मानांकन. बस्तरच्या ढोकऱ्याला ते मिळालेले आहे. मात्र ते मागायला एकटादुकटा कारागीर पुरत नाही, उत्पादकांची संघटना किंवा संस्था लागते. आणि मानांकन रक्षण करते ते मुख्यत्वे नावाचे. आकार उचलून नाव वगळले तर लढाई नैतिक उरते, जशी ती मिलाननंतरचे पहिले काही दिवस होती.

लहान गावांतील सोनारापुढे मात्र प्राडा उभी नाही. त्याच्यापुढे मोबाईलवरचे छायाचित्र उभे आहे. गिऱ्हाईक मोठ्या पेढीच्या दागिन्याचे चित्र दाखवते आणि निम्म्या वजनात तसेच करून मागते. बदल्यात मोडीला येतो तो आजीचा सुता. या व्यवहारात सोनाराला घडणावळ मिळते, गिऱ्हाइकाला नवा दागिना मिळतो आणि एक जुना घाट मुशीत जातो. चांदीच्या भावाने या व्यवहाराला वेग दिला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये चांदीने किलोमागे २ लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. रुपियामाळेतील ब्रिटिश काळचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९१.७ टक्के शुद्ध. म्हणजे त्यात जवळपास १०.७ ग्रॅम चांदी. या भावाने एका नाण्याची चांदीच २,१०० रुपयांवर जाते आणि वीस नाण्यांची माळ ४२ हजारांच्या पुढे. १९४० पासून पाडलेल्या रुपयांत चांदी निम्म्यावर आणली गेली, म्हणून जाणकार सराफ माळ हातात घेताच आधी नाण्यांवरील साल वाचतो. पटव्याने दोऱ्यात केलेली गुंफण, नाण्याला लावलेली कडी, दोन नाण्यांमधील मण्याचे अंतर यांची किंमत तराजूत शून्य येते. रचना नेमकी तेथेच असते.

चांदीच्या दागिन्यांसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून ऐच्छिक हॉलमार्किंगमध्ये स्वतंत्र ओळख क्रमांक आला आहे. नव्या मालाला त्याचा लाभ होईल. जुन्या सुत्यावर कोणताही क्रमांक नाही. त्याचा कस सराफ कसोटीच्या दगडावर घासून ठरवतो आणि घट धरून भाव सांगतो. घरातील जुना दागिना मोडण्यापूर्वी निदान त्याचे वजन, परीघ, जाडी, जोडाची रीत आणि चारही बाजूंची छायाचित्रे नोंदवून ठेवणे कोणत्याही कुटुंबाला शक्य आहे. अशा नोंदींवरून तो घाट पुन्हा घडवता येतो. नुसत्या लग्नातल्या छायाचित्रावरून येत नाही. मुक्तांगणात किंवा नवा रायपूर येथे २०२५ मध्ये सुरू झालेल्या आदिवासी संग्रहालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याने हाच तक्ता वहीत आखून न्यावा, आणि मुंबईच्या काचपेटीसमोरही तोच वापरावा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, की आकाराच्या गप्पा थांबून मिलिमीटरची भाषा सुरू होते.

नवा रायपूर येथे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे निफ्टचे, केंद्र उभारण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. तेथून अभनपूरचा बाजार फार लांब नाही. विद्यार्थ्यांची पहिली तुकडी वह्या घेऊन त्या बाजारात उतरेल तेव्हा पाहण्यासाठी किती सुते आणि किती नागमोऱ्या उरलेल्या असतील, हे बरेचसे तोवर चांदीचा भाव काय राहतो यावर ठरणार आहे.